दादाची भेदरं

तुम्हीच सांगा, दादा गेला तवा मले कोणी काऊन उठवलं नाही? मी तं ओसरीवरच झोपेल होतो, भर दुपारी! मायले विचारलं तं म्हणते, "जेवून घे." शेजारच्या शेषरावकाकाले विचारलं तं म्हणतात, "देवाची मर्जी." अरे, मी विचारतो काय, तुम्ही सांगता काय... जाऊ द्या. मी भेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर भेदरं. मलकापूरवाले ज्याले टमाटे म्हणतात, तेच. आमच्या इंद्रभानदादानं तापानं पडल्या दिवशीच फुटक्या घमेल्यात बी टाकलं, अन् कोंबड्या उकरतीन म्हणून मधल्या खोलीत ठेवलं. आठव्या दिवशी त्याच खोलीत तो गेला. झालं! सुतक लागलं. दहा दिवस मातीले हात लावायचा नाही, खिडकी बंद, कोपऱ्यात त्याच्या नावाचा दिवा. अन् बी? बीले कुठलं सुतक? ते उगवलं ना!

पाचव्या दिवशी दिव्यात तेल घालाले गेलो तं... रोपं वीतभर उंच, सुतासारखी बारीक, पांढरीफटक, अन् सगळीच्या सगळी दिव्याकडं माना वाकवून उभी! तेल सांडलं माझ्या धोतरावर. मी भेत नाही, पण पळालो. शेषरावकाकानं दारातूनच पाह्यलं. "इंद्रभान बोलावून राह्यला बे! घरातलं आणखी कोणी जाते आता." आता घरात राह्यलं कोण? माय अन् मी. अन् माय तं कोणाच्या बोलावण्यानं कुठं जात नाही!

रोपं मेली तं दादा पुन्हा मेला. जगली तं तो मले नेते. सांगा, काय करावं माणसानं?

मळेवाल्या कौशल्याबाईले हात जोडले. ती पाह्यते अन् कपाळाले हात लावते. "अरे येड्या, उजेडाले भुकेली हायेत ती! खिडकीत ठेव, अन् पानाच्या खालपर्यंत मातीत गाड. भेदराच्या देठाले मुळ्या फुटतात."

"गाडू? गळ्यापर्यंत?"

"तुले गाडाले नाही सांगून राह्यली मी!"

तिचं काय जाते? दादाले मातीत मिळवून पाच दिवस झाले नव्हते, अन् आता त्याची रोपंही मीच गाडू? नाही गाडली. मी भेत नाही, सुतक होतं.

दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला, तं कावळा शिवेना. म्हटलं, "दादा, मायले सांभाळीन." कावळा बाभळीवर पंख खाजवून राह्यला. म्हटलं, "बिडी सोडीन." त्यानं तोंडच फिरवलं, त्याले माझी बिडी ठाऊक. ऊन चढलं, लोकं कुजबुजू लागली, शेषरावकाका म्हणतात, "त्याच्या मनातलं बोल बे!" मी ओरडलो, "गाडतो बाप्पा, तुझी भेदरं गाडतो!"

झप! कावळा पिंडावर.

घरी आलो अन् गाडली. एकेक रोप, गळ्यापर्यंत, डोळे मिटून. सात मोडली, अकरा राह्यली. घमेलं खिडकीत ठेवलं. आता देठ जाड झाले, पानं हिरवी झाली, पण रोज सकाळी पाहावं तं सगळी बाहेरच्या उजेडाकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ! दादासारखीच, न सांगता निघालेली.

मी भेत नाही. फक्त आता दुपारी झोपत नाही, घमेल्यापाशी बसतो. आजही त्यायची पाठ दिसली, तं उठलो अन् घमेलं माझ्याकडं फिरवून ठेवलं.