फळ्यावरची माझी चूक

राऊत मॅडमच्या घरच्या मंडळींनो, प्राचार्य साहेब, पोराहो, मले बोलणं जड जाऊन राह्यलं. मी भोयर. पुसदच्या याच कॉलेजात बावीस वर्षं मॅडमच्या जोडीनं जीवशास्त्र शिकवलं. परवा त्या गेल्या, अन् आज पाहा, सभागृहात पाय ठेवायले जागा नाही. खरं सांगू? हे पाहून आजही माझा जीव जळून राह्यला. मी मेलो तर यातले अर्धे तरी येतील का?

अ तुकडी माझी, ब त्यांची. पण माझी पोरं त्यांच्या वर्गात मागं जाऊन बसत. एकदा मी दाराआडून ऐकलं. मॅडम सांगत होत्या, "सासूबाईची लोणच्याची वही कपाटातून बाहेर निघत नाही. सून पाहिजे तेवढं चिठ्ठीवर उतरवते अन् स्वयंपाकघरात नेते. कपाट म्हणजे पेशीचं केंद्रक. वही डीएनए, चिठ्ठी आरएनए. चिठ्ठी रायबोसोमकडे जाते, तिथं प्रथिन तयार होते."

पोरं हसत होती. अन् मी? डीएनएच्या दोन साखळ्या, आरएनएची बहुधा एक, याची शर्करा वेगळी, त्याची वेगळी. माझ्या वर्गात नुसत्या जांभया!

दुसऱ्या दिवशी म्हटलं, आपणही पुस्तक न उघडता शिकवून दाखवू. त्या तोऱ्यात आरएनएखाली थायमिन लिहून बसलो. थायमिन डीएनएचं हो! आरएनएत त्याच्या जागी युरॅसिल असते. पोरांनी फळा जसाच्या तसा वहीत उतरवला.

चाचणीचे पेपर आम्ही अदलाबदल करून तपासतो. माझ्या वर्गाचा गठ्ठा मॅडमकडे गेला. स्टाफरूममध्ये त्यांनी विचारलं, "काहो सर, अख्ख्या वर्गानं एकच चूक काहून केली?"

प्राचार्य साहेब समोर होते. मी म्हटलं, "तुमच्याच वर्गात बसतात ना? तुम्हीच शिकवलं असन."

साहेब त्यांच्यावर सगळ्यांदेखत ओरडले. मॅडमनं माझ्याकडं एकदाच पाह्यलं. म्हणाल्या, "हो सर. माझ्याच हातून झालं असन." अन् दोन्ही तुकड्यांले तो धडा पुन्हा शिकवला.

मी नंतर विचारलं, "मॅडम, अंगावर कायले घेतलं?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर साहेबांनी पोरांच्या वह्या मागवल्या असत्या, सर. आपल्याच मास्तरविरुद्ध साक्ष द्या लागली असती त्यांले."

लाज वाटाले पाहिजे होती ना? मी त्याच्यावरही जळलो! म्हटलं, एवढं मोठं मन हिलेच काहून?

साहेब, थायमिन मी लिहिलं होतं. खोटं मी बोललो होतो. त्या वर्गातली पोरं इथं बसली आहेत, त्यांले ठाऊक आहे. ही कबुली मॅडमच्या कानावर पडाले पाहिजे होती. माझ्यानं झालं नाही.

राऊत साहेब, तुमच्या पत्नीची मी माफी मागतो.

आता दोन मिनिटं सगळे शांत राहू. माझ्याबद्दल जे बोलायचं असन, ते त्याच्यानंतर बोला. मी इथंच थांबतो.