वाक्यात उपयोग करा

बिबवेवाडीहून स्वारगेटला जाणाऱ्या बसमध्ये, माझ्या पुढच्या सीटवर मांडीवर दवाखान्याची फाइल उघडून बसलेले वडील आणि शेजारी त्यांची मुलगी.

“पूर्वा, पॅलिएटिव्हचा अर्थ सांग.”

“बाबा, तीस वर्षं इंग्रजी तुम्ही शिकवलंत.”

“म्हणूनच विचारतोय.”

“त्रास कमी करणारं.”

“आता वाक्यात उपयोग कर.”

“लोक ऐकताहेत, बाबा.”

“वर्गातही ऐकायचे. कर.”

“डॉक्टरांनी बाबांना पॅलिएटिव्ह उपचार सुचवले.”

“अर्धा मार्क. यावरून अर्थ कळत नाही. सर्दीवरचेही असतील.”

“बाबा, प्लीज.”

“पुन्हा कर.”

“बाबांचा आजार आता बरा होणार नाही, म्हणून डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह उपचार सुचवले.”

“बरोबर. डोळे पूस. घरी आईनं विचारलं, तर तिला फक्त अर्थ सांग. वाक्य करू नकोस.”