साक्षीत राहिलेलं नाव

कल्याणच्या रेशन दुकानासमोर चौदा माणसं आणि एकवीस पिशव्या होत्या. नुकताच बी.एस्सी. झालेला त्र्यंबक रांगेत उभा होता. त्याच्यापुढे मेथॉडिस्ट चर्चच्या दोघी होत्या, सलोमीबाई आणि तरुण रत्ना.

"मावशी, रविवारपासून माझ्याशी बोलत का नाही?"

"वर्षाच्या उपकारस्तुतीला चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून तू साक्ष दिलीस ना? टायफॉईडमध्ये देवानं रोज पेज पाठवली म्हणे."

"पाठवलीच की!"

"कोळसेवाडीहून गरम पातेलं घेऊन देव आला होता?"

"अहो, देवाचे आभार मानले, त्यात तुम्ही आलातच."

"पाळकसाहेबांचं बरं नाव घेतलंस! त्यांनी नुसती प्रार्थना केली. तीही दारातून."

"चुकलं, मावशी. पुढच्या वर्षी सांगते."

"पुढच्या वर्षी मी असले तर!"

"मग आत्ताच सांगते. लोकहो, मी आजारी असताना या सलोमीमावशींनी मला रोज पेज आणून दिली. त्यांच्याबद्दल देवाची स्तुती असो!"

"तुपाचं सांग."

"वर तूपसुद्धा होतं!"

रांगेतून सहा 'आमेन' आले. त्यांत एक त्र्यंबकचा होता आणि एक दुकानदार मगनलालचा.