शंभर मोजायच्या आत

नायगावच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या लतिकाबाईंच्या शेजारच्या बाईचा फोन स्पीकरवर सुरू होता. तिची मुलगी सुट्टीत गावी गेलेली. बोलत होती तळ्यावरून.

"कार्तू, पोहताना पाठीला सुका भोपळा बांधतेस ना गं?"

"हो मम्मी. काय मस्त तरंगायला होतं! पाणी पण गारेगार."

"मला इथे घास उतरत नाही. आबांना दे फोन."

"ते पोहायला गेलेत. म्हणाले, तू काठावर बस, मी पलीकडे शिवून येतो, शंभर मोजायच्या आत."

"मग? किती झाले?"

"तिसऱ्यांदा मोजतेय."

"...दिसतात का गं?"

"मघाशी डोकं दिसत होतं."

"तिथे आणखी कोण आहे?"

"कोण्णी नाही. दुपारी तळं आपलंच असतं."

"ऐक, पाण्यात पाय घालायचा नाही. घरी पळ, लवूकाकाला हाक मार. फोन बंद करू नकोस!"

कंपाउंडरने त्या बाईचा नंबर पुकारला. ती उठली नाही. पुढचा नंबर लतिकाबाईंचा. त्याही उठल्या नाहीत. फोनमधून पळणारी पावलं ऐकू येत होती, आणि धापा टाकत कार्तू अजून मोजतच होती.

"एक्केचाळीस... बेचाळीस..."