दात घासायची तारीख

जनावरांच्या दवाखान्यात बाई मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पण कान सगळे शेजारच्या म्हाताऱ्या घोडेवाल्याकडे. कंपाउंडर त्याला विचारत होता,

“काका, घोडी कुठाय?”

“विकली की गेल्या महिन्यात.”

“मग आज कसं येणं केलंत?”

“तिचे दात कानशीनं घासायची तारीख आहे. वर्षाला घासले नाहीत तर कडा गालात रुततात, मग बया चारा तोंडात धरत नाही. नव्या मालकाच्या ध्यानात राहायचं नाही. डॉक्टरांना तिकडं पाठव.”

“पाठवतो.”

“आणि आधी डावा कान चोळायला सांग. त्याशिवाय तोंड उघडत नाही ती.”

“एवढं आहे तर तुम्हीच जा की बरोबर.”

“नको रे. माझा आवाज ऐकला की तिला वाटेल, न्यायला आलो.”