बर्फाच्या खोलीतली टीम

माझं नाव विमल, माहेर अंबाडीच्या आतलं, सडकेवरनं चालत गेलं का आमचा बौद्धवाडा लागतो, आनि सासर हे इथं भिवंडीत, कामतघरला. आई-बाप लोकांच्या शेतावर मजुरीला जायचे. गावात एक शिंपीनबाई व्हती, ती मला बोलली, पोरी, तुझा हात सरळ चालतो, बस माझ्या मशीनवर, आनि तवा बसले ती आजपन बसलेलीच हाय. लग्न होऊन आले तर नवरा कापडाच्या पावरलूमवर कामाला, त्या खडखडाटात त्याचे कान गेलेले, म्हनून आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात, तुम्हाला वाटंल भांडन चाललंय, तसं न्हाय ते, सवय हाय.

आता टीमचं विचारता तर आधी गोधड्यांचं सांगायला लागंल. लूमवाल्यांकडनं मी चिंध्या आनायची, गोधड्या शिवायची. मंग काल्हेरच्या एका कोल्ड स्टोरेजमधल्या हमालांनी जाकिटं मागितली, आत थंडी केवढी, काय सांगू तुम्हाला, उन्हाळ्यात मानूस घामानं भिजलेला आत जायचा नि बाहेर यायचा तवा भुवया पांढऱ्या. मी त्यांना गोधडीची जाड जाकिटं शिवून द्यायला लागले. तिथं दोन मानसं वळखीची झाली. एक रामनरेश, यूपीचा हमाल, सारखा हसायचा, मला दीदी बोलायचा. दुसरे हवालदारभाऊ. ते माझ्या माहेरच्या बाजूचे, शेतकऱ्याच्या घरातले, मिलिटरीतनं रिटायर होऊन तिथं सिक्युरिटीला लागलेले. माहेरचा मानूस म्हनून मी भाऊ बोलायची, ते मला ताई.

भाऊ मिलिटरीत असताना लडाखला व्हते. तिकडं हिवाळ्यात तळं गोठतं, त्याच्यावर पायात पात्याचे बूट घालून जवान हॉकी खेळतात, चेंडू न्हाय, काळी रबराची चकती असती. ते यांच्या डोक्यात शिरलेलं, ते काय निघंना. माझी प्राची तवा सातवीत व्हती, गल्लीत चाकाच्या स्केट्सवर फिरायची, एकाच पायात स्केट, दुसरा मैत्रिनीच्या पायात. भाऊंनी ते बघितलं. मला बोलले, ताई, ही पोरगी पडती पन रडत न्हाय, हिला मला द्या. मी बोलले, घेऊन काय करनार? बोलले, गोलकीपर.

त्या कोल्ड स्टोरेजमधली एक खोली रिकामी पडलेली, मासळीवाला माल ठेवायचा तो सोडून गेलेला. भाऊंनी स्टोरेजच्या शेठला पटवलं. शेठला वाटलं पेपरात फोटो येईल, बोलला, करा काय करायचं ते. मंग भाऊ आनि रामनरेश रोज पाइपानं थोडं थोडं पानी मारायचे, ते गोठलं का परत वरनं पानी, असं करत लादीवर बर्फ झाला, काचेसारखा. पहिल्या दिवशी पोरं आत गेली आनि सगळीच्या सगळी आपटली, एकमेकांच्या अंगावर, आनि हसायला लागली, त्यांच्या तोंडातनं वाफ निघत व्हती. भिवंडीत, एप्रिल महिन्यात.

तशी ती टीम झाली. बूट भाऊंनी मिलिटरीतल्या दोस्तांकडनं जुनेपाने मागवले. गुडघ्याचे, छातीचे पॅड मी शिवले, त्याच चिंध्यांचे. लूमवाल्यांची पोरं, रिक्षावाल्यांची पोरं, आमच्या वस्तीतली पोरं. कॅप्टन शोएब, त्याचे अब्बा माझ्या नवऱ्यासोबत लूमवर. एकदा मुंबईच्या शाळेतली टीम खेळायला आली, चांगली गाडीतनं आलेली पोरं, ती आमच्या पोरांच्या गोधडीचे पॅड बघून हसली आनि मंग हरली. त्या दिवशी शोएबची अम्मी नि मी रस्त्यात मिठी मारून रडलो.

पन मला ती खोली कधी आवडली न्हाय. दरवाजा असा जाड, लावला का बाहेरचा आवाज बंद, आतला बंद. आतनं उघडायचा दांडा अडकायचा, म्हनून पोरं आत असली का रामनरेश बाहेर स्टूल टाकून बसायचा. त्याची ड्युटी नव्हती ती, आपल्या मनानं बसायचा. बोलायचा, दीदी, बच्चे अंदर हैं तो मैं इधर हूँ, आप टेंशन मत लो. आनि बाजूला थंडी करायचं मशीन, चोवीस तास घूं घूं घूं. घरी आले तरी माझ्या कानात ते चालूच.

मंग वास सुरू झाला. म्हंजे आधी मला घरात आला. प्राचीचे पॅड वाळत घालायला पिशवी उघडली नि डोळ्यात पानीच आलं, जसं कुनी कांदा धरला डोळ्यापुढं, घसा पन धरला. मला वाटलं घामाचा असंल. धुतले. दुसऱ्या बारीला परत तसंच. प्राचीला विचारलं तर बोलली, आई, मशीनचा वास येतो थोडा, सवय झाली आता. सवय झाली हे ऐकलं नि मी ती पिशवी घराबाहेर नेऊन ठेवली. माझ्या नवऱ्याला पन आवाजाची सवयच झाली व्हती.

मी गेले बघायला. तिथं एक लाल कुत्री व्हती, मशीनच्या खोलीच्या भिंतीला लागून झोपायची, वर्षानुवर्षं तीच जागा. ती तिथं नव्हती. पार गेटजवळ उन्हात जाऊन पडलेली. रामनरेशचे डोळे लालभडक. मी बोलले, काय झालं? बोलला, मशीन का गैस है दीदी, अमोनिया, थोड़ा लीकेज रहता है, मामूली. तो मामूली शब्द मला अजून ऐकू येतो. मी बोलले, तू सोड रे हे काम, गावाला जा. तो हसला, गाँव में कौन सा महल रखा है मेरा.

भाऊंनी शेठला दोनदा सांगितलं व्हतं. शेठ बोलला, गॅसचा पाइप बदलायचा म्हंजे पूर्ण प्लांट बंद, सगळा माल वितळंल, दिवाळीनंतर बघू. आनि भाऊ पन अडकलेले. कारन पुढच्या महिन्यात निवड व्हती, महाराष्ट्राच्या ज्युनिअर टीमची, आनि आमच्यातली तीन-चार पोरं तरी जानार असं सगळे बोलत व्हते. प्राची तर नक्कीच.

मी प्राचीला घरात बसवलं. सरळ बोलले, न्हाय जायचं. तिनं आधी विनवलं, मंग ओरडली, मंग तेपन सोडलं. ताटावर बसायची, खाली बघून जेवायची, उठायची. गोलकीपर न्हाय म्हंजे टीमच न्हाय. शोएब आला दारात, बोलला, आंटी, बस निवड होने तक, फिर आप जो बोलोगे. मी न्हाय बोलले. शोएबची अम्मी बोलायची बंद झाली माझ्याशी, नळावर मी गेले का हंडा उचलून जायची. आमच्या वस्तीतले पन बोलले, आपल्या पोरांना कधी नव्हे तो चान्स मिळाला नि ही बाई वास येतो म्हनून बसली. माझा नवरा, ज्याला ऐकू येत न्हाय, तो तेवढा बोलला, तुला वाटतं ना, मंग बस.

एका संध्याकाळी भाऊ आले. चहा घेतला, कप खाली ठेवला. मंग बोलले, ताई, लडाखला आम्हाला शिकवलं व्हतं, बर्फाचा आवाज बदलला का खेळ थांबवायचा, विचारत बसायचं न्हाय. मी इथं विचारत बसलो. उद्यापासून प्रॅक्टिस बंद. मी बोलले, निवडीचं? बोलले, चाकावर खेळवू, जेवढं होईल तेवढं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीतनं सामान काढलं, शेठला राग आला, बोलला, परत जागा मागायला येऊ नका. बर्फ तसाच राहिला आत.

रामनरेश तवा गावाला गेलेला, बहिनीच्या लग्नाला. हे लक्षात ठेवा. त्याला हे काय माहीत न्हाय.

तो आला त्याच आठवड्यात, सकाळी गाडीतनं उतरला नि सरळ ड्युटीवर. भाऊंची तवा रातपाळी, दोघांची भेटच झाली न्हाय. दुपारी पाइप फुटला. आमच्या टायमाला, पोरं शाळेतनं सुटून आत असायची तोच टाइम. पांढरा धूर निघाला बोलतात, हात पुढं केला तर दिसत नव्हता. हमाल सगळे मागच्या दारानं पळाले, रामनरेश त्यांच्यासोबत बाहेर पन आला व्हता. एका हमालानं मला स्वतः सांगितलं. उघड्यावर आला, खोकला, इकडं तिकडं बघितलं आनि बोलला, अरे, बच्चे. आनि फडकं तोंडाला लावून परत आत गेला. तो हमाल ओरडला, आज कोई नहीं है. तोवर तो गेलेला.

पोरांच्या खोलीच्या दारात सापडला. दरवाजा उघडलेला व्हता त्यानं. आत नुसता बर्फ.

मला खबर आली तवा मी मशीनवर व्हते. भाऊंनी फोन केला, एवढंच बोलले, ताई, पाइप फुटला, रामनरेश गेला. मी पहिलं प्राचीला बघितलं, ती खाटेवर अभ्यास करत व्हती, तिच्या डोक्यावर हात ठेवला नि मंग खाली बसले. तिनं विचारलं, काय झालं, आनि मी सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती माझ्या मांडीवर आली, मोठी झालेली पोर, नि रडली ती थांबंचना. संध्याकाळी शोएबची अम्मी आली. माझा हात धरून बसली, आजान झाली तरी उठली न्हाय.

लोक बोलतात, विमल, तुझ्यामुळं पोरं वाचली. वाचली, खरं हाय. पन मला ते ऐकवत न्हाय, काय सांगू. पोरांना काढलं तसं हमालांना कोन काढनार व्हतं? त्यांची आई तिथं कुठं व्हती? रामनरेशच्या बायकोला मी फोन लावला, माझं हिंदी असं तसं, ती रडत नव्हती, एवढंच बोलली, दीदी, वो बच्चे कौन सा खेल खेलते थे? मला तिला नीट सांगता आलं न्हाय. बर्फावर हॉकी, बोलले. ती बोलली, बर्फ तो उन्होंने हमको कभी दिखाया नहीं.

भाऊंनी नोकरी सोडली, शेठविरुद्ध जबानी दिली. ती केस चालू हाय. स्टोरेजला नवा रंग मारला, नवा बोर्ड लावला, नवे हमाल आले, मी आता जाकिटं द्यायला जात न्हाय, दुसरी कुनीतरी देते. टीम मोडली न्हाय मात्र. काल्हेरला नव्या बिल्डिंगी उठल्यात, तिथल्या एका पार्किंगमध्ये भाऊ पोरांना चाकावर खेळवतात, वॉचमन हाकलतो, ते परत येतात. शोएबची निवड झाली न्हाय, तो आता लहान पोरांना शिकवतो. प्राचीची दुसऱ्या बारीला झाली.

ती आत्ता वर हाय, हिमाचलला, खरोखरच्या गोठलेल्या तळ्यावर. काल फोन आला. बोलली, आई, ऐक, नि फोन खाली बर्फाला लावला. लांबून कायतरी ओरडल्यासारखा आवाज आला, खोल, पोटातनं. मी ओरडले, बाहेर ये तिथनं. ती हसून बोलली, घाबरू नको, बर्फ जाड व्हतो ना तवा असा बोलतो, इथली मानसं सांगतात. मी विचारलं, ती मानसं कुठं उभी हायत? बोलली, आमच्याबरोबरच, बर्फावर. मंग मी बोलले, बरं, खेळ बाई. दुसरं काय बोलनार? बुद्धापुढं मेनबत्ती लावली, तिच्यासाठी, तिच्यासोबतच्या पोरींसाठी, नि काठावर जो कुनी बसला असंल त्याच्यासाठी. सगळी सुखानं घरला येवोत.