चारशे सह्या

अमेरिकेत अल्फारेटातल्या फार्मसीत फ्लूच्या लशीसाठी रांग होती. माझ्या पुढे एक तरुण मुलगी आणि एक वयस्कर गृहस्थ मराठीत बोलत होते.

"काका, डॉ. हॉलोवेंनी काल राजीनामा दिला."

"तुझ्या बॉसनी? युनिव्हर्सिटीच्या पहिल्या ब्लॅक प्रेसिडेंट बाई ना त्या?"

"हो. तीस वर्षं तिथेच शिकवून त्या पदावर पोचल्या आणि दीड वर्षात गेल्या."

"काय सांगतेस, उपासना. आमच्या आर्यच्या ग्रॅज्युएशनला किती छान बोलल्या होत्या. झालं काय पण?"

"जातीवरून भेदभाव चालणार नाही, असा नियम त्यांनी केला. त्यांना काढा म्हणून बोर्डाकडे चारशे सह्यांचं पत्र गेलं."

"कुणी दिलं असलं पत्र?"

"आपल्याच लोकांनी. तिसरी सही तुमची आहे."

"माझी?"

"शैलेंद्र देवस्थळी, अल्फारेटा."

"अगं, ग्रुपवर लिंक आली होती. सगळे करत होते म्हणून मीही क्लिक केलं. वाचलंसुद्धा नाही."

"मॅडमनी वाचलं. सगळी नावं वाचली. मग मला विचारलं, यातलं कुणी तुझ्या ओळखीचं आहे का."

"तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले."